गरिबी सगळ्यांना सारखी लागत नाही

जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने टोकाच्या गरिबीची रेषा बदलली. आधी ती माणशी दिवसाला २.१५ डॉलर होती, ती ३ डॉलर झाली. या एका बदलामुळे २०२२ सालासाठीचा जगातल्या अतिगरिबांचा आकडा सुमारे ७१ कोटींवरून जवळपास ८४ कोटींवर गेला. बातमी वाचणाऱ्या पुष्कळांना साहजिकच प्रश्न पडला, एका रात्रीत बारा-साडेबारा कोटी माणसं गरीब झाली कशी? तसं काही झालं नव्हतं. ही माणसं आदल्या दिवशी जशी जगत होती तशीच दुसऱ्या दिवशीही जगत होती. मोजपट्टी बदलली होती.

हा गोंधळ होतो, कारण आपल्या डोक्यातलं गरिबीचं चित्र म्हणजे एक आडवी रेघ असते. रेघेच्या वर असलेले सुटले, खालचे गरीब, आणि खालचे सगळे एकसारखे गरीब. या चित्रातून पुढचा निष्कर्ष अगदी सहज निघतो. सगळ्यांची अवस्था सारखीच असेल आणि तरीही काही जण वर येत असतील, काही तिथेच राहत असतील, तर फरक त्या माणसांमध्येच असणार. मग आळस, व्यसन, उधळेपणा, जास्त मुलं ही कारणं ओळीने सुचू लागतात. गरिबीचे परिणाम सगळ्यांवर सारखे होतात हा समज आणि गरिबीचं कारण गरिबाच्या स्वभावात आहे हा समज, हे दोन्ही एकमेकांच्या आधाराने टिकून आहेत असं माझं मत आहे. म्हणून आधी पहिल्याकडे पाहू.

## रेषा काय मोजते आणि काय मोजत नाही

हे ३ डॉलर म्हणजे बँकेत बदलून मिळणारे डॉलर नव्हेत. एका देशात जेवढ्या पैशांत दिवस निघतो तेवढ्यात दुसऱ्या देशात अर्धा दिवसही निघणार नाही. म्हणून देशोदेशींच्या किमतींमधला फरक काढून टाकून सगळ्यांना एका मापात आणतात. या हिशेबाला क्रयशक्ती समानता म्हणतात. अमेरिकेत ३ डॉलरांत जेवढं विकत घेता येईल तेवढंच ज्याच्या वाट्याला दिवसभरात येतं, आणि तेही खाणं, औषधं, कपडे, निवारा सगळं धरून, तो माणूस या रेषेवर उभा आहे.

१९९० साली ही रेषा पहिल्यांदा जगापुढे आली तेव्हा ती दिवसाला एक डॉलर होती. किमतींची नवी माहिती येत गेली तशी ती सरकली. आताची ३ डॉलरची रेषा कमी उत्पन्नाच्या देशांनी स्वतःसाठी आखलेल्या रेषांच्या मधल्या किमतीवरून काढलेली आहे. म्हणजे जगातल्या सर्वांत गरीब देशांनाच जे अगदी किमान वाटतं, ते हे माप. श्रीमंतांचं माप गरिबांना लावलं, असा आरोप तिच्यावर करता येत नाही.

पण प्रत्येक माणसाचा आकडा काढतात कसा? पाहणी करणारे घरी जातात, ठरावीक दिवसांत त्या घराने काय काय वापरलं ते विचारतात, सगळ्याची किंमत धरून बेरीज करतात आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागतात. घरात जे येतं ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं, हे गृहीत या भागाकारात दडलेलं आहे. तो अख्ख्या घराला एकतर गरीब ठरवतो किंवा गरीब नाही असं ठरवतो. त्याच घरातली एखादी व्यक्ती अर्धपोटी आहे का, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

## एकाच घरातली वेगवेगळी गरिबी

हे गृहीत किती चुकतं, याची तपासणी अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांनी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या ३० आफ्रिकी देशांतली माहिती घेतली आणि कुपोषित स्त्रिया व मुलं कोणत्या घरांत आहेत ते पाहिलं. अपेक्षा अशी, की त्यातली बहुतेक सर्वांत गरीब घरांत सापडतील. प्रत्यक्षात सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया आणि मुलं सर्वांत गरीब २० टक्के घरांच्या बाहेर निघाली. निम्मी तर सर्वांत गरीब ४० टक्के घरांतही नव्हती. याचं एक कारण असं, की त्या भागात कुपोषण सर्व थरांत पसरलेलं आहे, अस्वच्छ पाणी आणि आजार यांचाही त्यात हात आहे. दुसरं कारण घराच्या आतलं वाटप. कारण कोणतंही असो, फक्त ‘गरीब घरं’ शोधून मदत देणारी योजना या बहुतेकांपर्यंत पोचत नाही.

पैशांखेरीज घरात आणखी एक गोष्ट असमान वाटली जाते, ती म्हणजे वेळ. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात १८० कोटी लोक अशा घरांत राहतात जिथे आवारात पाणी नाही, आणि अशा दर दहा घरांपैकी सात घरांत पाणी आणण्याचं काम मुख्यतः बाया आणि मुलींकडे असतं. या कामाची मजुरी नाही, त्यामुळे ते कोणत्याही उत्पन्नात धरलं जात नाही. त्याचे तास मात्र मुलीच्या शाळेतून आणि बाईच्या कमाईच्या कामातून वजा होतात. भाऊ आणि बहीण एकाच घरात, एकाच माणशी उत्पन्नात वाढतात, पण गरिबी त्या दोघांकडून वेगवेगळ्या गोष्टी काढून घेते.

अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा आणखी पुढे नेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पैसे किती आहेत एवढं विचारून भागत नाही, त्या पैशांतून माणसाला काय करता येतं आणि कसं जगता येतं ते विचारायला हवं. चालता न येणाऱ्या माणसाला कामावर पोचायला वाहन लागतं, मदतनीस लागतो, उपकरण लागतं. धडधाकट शेजाऱ्याएवढंच उत्पन्न त्याला मिळालं तरी तेवढ्यात त्याचं जगणं शेजाऱ्यासारखं होत नाही. आणि मुळात तेवढं उत्पन्न मिळवणंही त्याला अवघड जातं. खर्च वाढतो आणि कमाई घटते, अशी दोन्ही बाजूंनी कोंडी होते. आजारी माणसाचं, गरोदर बाईचं, म्हाताऱ्या माणसाचं हेच होतं.

भेदभावाचं गणितही असंच चालतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॉस्टन आणि शिकागो इथल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० अर्ज पाठवले होते. अर्जातली पात्रता सारखी, फक्त काहींवर गोऱ्या समाजात आढळणारी नावं आणि काहींवर कृष्णवर्णीयांत आढळणारी नावं. गोऱ्या नावांना मुलाखतीसाठी सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. कागदावर दोघांचं शिक्षण एकच आहे, पण त्या शिक्षणाचं रोजगारात रूपांतर होण्याची शक्यता एक नाही.

या सगळ्यामुळे २०१० पासून ऑक्सफर्ड विद्यापीठातलं एक केंद्र आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम मिळून बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक काढतात. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंच्या दहा गोष्टी पाहतात, आणि प्रत्येक गोष्टीला दिलेल्या वजनानुसार त्यातल्या एक तृतीयांश किंवा जास्त गोष्टींपासून वंचित असलेल्यांना गरीब मानतात. २०२४ च्या अंदाजात ११२ देशांतली ११० कोटी माणसं या व्याख्येत बसली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त १८ वर्षांखालची होती. गरिबीवरची आपली चर्चा बहुतेक वेळा कमावत्या, प्रौढ माणसाच्या कष्टांवर आणि चुकांवर होते, आणि इथे तर निम्म्याहून जास्त गरीब कमावण्याच्या वयाचेच नाहीत.

## वयाचा हिशेब

गरिबी कोणत्या वयात गाठते यावर तिचा परिणाम सर्वांत जास्त ठरतो, असं मला या विषयावर वाचताना पुन्हा पुन्हा जाणवलं.

१९६९ ते १९७७ या काळात ग्वाटेमालाच्या पूर्व भागातल्या चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांतल्या मुलांना प्रथिनं आणि ऊर्जा भरपूर असलेलं पेय दिलं जात होतं, दुसऱ्या दोन खेड्यांत प्रथिनं नसलेलं हलकं पेय. ही मुलं मोठी झाल्यावर, तीसेक वर्षांनी, संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठलं. ज्या मुलग्यांना तीन वर्षांच्या आत ते पौष्टिक पेय मिळालं होतं त्यांची तासाची मजुरी सरासरी ४६ टक्के जास्त निघाली. ज्यांना ते तीन वर्षांनंतर मिळालं त्यांच्यात असा फरक नव्हता. तेच पेय, तीच खेडी, पण वेळ टळून गेली होती. आणि मुलींचं काय? त्या जास्त इयत्ता शिकल्या, पण त्यांच्या मजुरीत तशी वाढ दिसली नाही. शरीर आणि शिक्षण सुधारलं तरी त्याचा मोबदला मिळायला बाईला तसं कामही मिळावं लागतं.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. १९९४ ते १९९८ मध्ये पाच मोठ्या शहरांतल्या अतिगरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना सोडत काढून चांगल्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी मदत देण्यात आली. सुरुवातीची वर्षं निकाल निराशाजनक होते. मोठ्यांची कमाई वाढली नव्हती. २०१६ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा वेगळंच दिसलं. वयाच्या तेरा वर्षांआधी नव्या वस्तीत गेलेल्या मुलांचं विशीच्या मध्यातलं उत्पन्न, सोडतीत नंबर न लागलेल्यांच्या मुलांपेक्षा ३१ टक्के जास्त होतं. तेरानंतर गेलेल्यांना फायदा झाला नाही, थोडा तोटाच झाल्यासारखा दिसला. एकाच कुटुंबातल्या धाकट्याला जे मिळालं ते थोरल्याला मिळालं नाही. त्यात थोरल्याच्या मेहनतीचा काय संबंध?

## धक्का एकच, नुकसान वेगळं

गाडीच्या स्टेपनीचा विचार करा. पंक्चर कोणाचीही होते. स्टेपनी असलेल्याचा पाऊण तास जातो आणि तो पुढे निघतो. स्टेपनी नसलेला रस्त्यातच अडकतो, त्याचं पोचायचं काम बुडतं, तो मिळेल त्या भावाने दुरुस्ती करून घेतो आणि पुढचा प्रवास भरवसा नसलेल्या टायरवर करतो. दोघांनाही खिळा तोच लागला. बाहेरून पाहणारा मात्र म्हणतो, हा नेहमी उशिराच पोचतो.

गरिबी म्हणजे कमी पैसे, हे खरंच. पण त्याहून जास्त ती स्टेपनी नसण्याची अवस्था आहे. एक आजारपण, आठवडाभर बुडालेलं काम, एक नापीक हंगाम. शिल्लक असलेलं घर हे सोसतं. शिल्लक नसलेलं घर जनावर विकतं, महाग व्याजाने कर्ज काढतं, मुलाला शाळेतून काढून कामाला लावतं. धक्का तात्पुरता असतो, पण त्यावर काढलेला उपाय कायमचा होऊन बसतो, कारण विकलेलं जनावर उद्याची कमाई होती आणि सुटलेली शाळा परवाची.

जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या हिशेबाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २०० कोटी लोकांना औषधोपचारांवर स्वतःच्या खिशातून कराव्या लागलेल्या खर्चामुळे आर्थिक ओढाताण सोसावी लागली. त्यातले अनेक जण आधी कोणत्याही रेषेच्या वर होते.

## ‘कष्ट केले तर कोणी गरीब राहत नाही’

आता कारणांकडे येऊ. सर्वांत जुना समज हा आहे आणि तो तपासणं तुलनेने सोपं आहे, कारण कामाचे तास मोजता येतात.

समाजाचे अभ्यासक सीबोम राउंट्री यांनी १८९९ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघर पाहणी केली. तेव्हाच्या जाणत्या लोकांचं मत होतं, की गरीब माणूस दारू आणि आळशीपणामुळे गरीब आहे. राउंट्री यांनी दोन गट वेगळे काढले. एक, ज्यांची कमाई शरीर जेमतेम चालवायलाही पुरत नाही असे. दोन, ज्यांची कमाई काटेकोर हिशेबाने पुरली असती पण काही ना काही खर्चामुळे पुरत नाही असे. पहिल्या गटातली निम्म्याहून जास्त माणसं अशा घरांत होती जिथला कर्ता रोज नियमित कामाला जात होता. मजुरीच इतकी कमी होती. मोठं कुटुंब, कमावत्याचा मृत्यू, आजार, म्हातारपण ही पुढची कारणं. दुसऱ्या गटात दारूचा वाटा त्यांनी लपवला नाही, पण त्या दारूमागे दमट, कोंदट घरं आणि रखरखीत आयुष्य आहे हेही नोंदवलं.

सव्वाशे वर्षांनंतरही चित्र फार वेगळं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांतल्या कामाच्या तासांची तुलना केली होती. गरीब देशांतले प्रौढ श्रीमंत देशांतल्या प्रौढांपेक्षा आठवड्याला सरासरी सुमारे ५० टक्के जास्त तास काम करतात, असं त्यात दिसलं. कष्टांनी गरिबी हटत असती तर क्रम उलटा असायला हवा होता.

याहून पटणारा पुरावा स्थलांतरितांचा आहे. एकाच देशात जन्मलेले, तितकंच शिकलेले, त्याच वयाचे दोन कामगार घ्या. एक मायदेशी राहिला, एक अमेरिकेत गेला. ४२ देशांतल्या कामगारांची अशी तुलना झाली आहे, आणि गरीब देशांच्या बाबतीत अमेरिकेत गेलेल्याची मजुरी कित्येक पट जास्त भरते. विमानात बसल्याने माणूस एकाएकी मेहनती होत नाही. भोवतालची यंत्रं, रस्ते, वीज, कायदा, बाजार बदलतात आणि त्याच हातांच्या कामाची किंमत बदलते.

## ‘गरीब चुकीचे निर्णय घेतात, म्हणून गरीब राहतात’

हा समज आळसाच्या समजापेक्षा जास्त सभ्य वाटतो, म्हणून तो सुशिक्षितांत जास्त आढळतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. महाग कर्ज, अर्धवट सोडलेले उपचार, न केलेली बचत हे खरंच घडतं. प्रश्न एवढाच, की यातलं आधी काय आणि नंतर काय?

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जिआयिंग झाओ यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली. ऊस उत्पादकाच्या हातात पैसा वर्षातून एकदाच, तोडणीनंतर येतो. त्याआधीचे महिने चणचणीचे. तोडणीआधीच्या चाचणीत हेच शेतकरी मागे पडले, नंतरच्या चाचणीत सरस ठरले. माणूस तोच, डोकं तेच, पण पैशांच्या काळजीने त्या डोक्याचा बराच भाग अडवून ठेवला होता. हा निष्कर्ष २०१३ साली गाजला. नंतर अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर घेतलेल्या अशाच चाचण्यांत मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे दर वेळी, दर प्रकारच्या टंचाईत असंच होतं असं मानू नये. पण ‘बुद्धी कमी म्हणून गरीब’ हा बाण उलट्या दिशेनेही जाऊ शकतो, एवढं यातून नक्की दिसतं.

संयमाचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा १९६० च्या दशकाअखेरचा मिठाईचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लहान मुलासमोर एक गोड मार्शमॅलो ठेवायचा आणि सांगायचं, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे शिक्षणात जास्त यशस्वी झाली, यावरून संयम हीच यशाची किल्ली असं सांगितलं जाऊ लागलं. २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांवर ही तपासणी पुन्हा झाली. संबंध मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती आणि लहानपणची आकलनशक्ती हिशेबात धरल्यावर त्यातलाही सुमारे दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. त्याआधी २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात २८ मुलांवर केलेला एक छोटा पण सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देतो असं सांगून ते दिलेच नाहीत, काहींना सांगितल्याप्रमाणे आणून दिले. मग मिठाईची परीक्षा घेतली. शब्द पाळलेला अनुभवलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवलेली जेमतेम तीन. ज्याला आयुष्यात कबूल केलेलं मिळत नाही त्याने समोर आहे ते घेऊन टाकणं हा त्याच्या अनुभवातून आलेला हिशेब आहे.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र एका योगायोगाने मिळाला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता. त्यात चेरोकी या आदिवासी जमातीची मुलंही होती. १९९६ साली जमातीच्या मालकीचं एक कॅसिनो सुरू झालं आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला कोणतीही अट न घालता मिळू लागला. कोणी आळस सोडला म्हणून नव्हे, कोणी शहाणपणा दाखवला म्हणूनही नव्हे. काही कुटुंबं त्यामुळे गरिबीतून बाहेर आली. २००३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्या घरांतल्या मुलांची आक्रमक, बेशिस्त वर्तनाची लक्षणं कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आलेली दिसली. चिंता आणि नैराश्य यांत मात्र फरक पडला नव्हता. गरिबी हटल्यावर तिच्या सगळ्या खुणा एकदम पुसल्या जात नाहीत, पण जे ‘वळण’ किंवा ‘संस्कार’ वाटत होतं त्यातलं बरंचसं पैशांच्या ओढाताणीतून आलेलं होतं.

## ‘पैसे दिले तर दारूत जातील, आणि माणूस आळशी होईल’

हा आक्षेप अनुभवाच्या भाषेत येतो. दारूने उद्ध्वस्त झालेलं एखादं घर प्रत्येकाच्या पाहण्यात असतं, आणि ते दुःख खरं असतं. पण एका घरावरून योजना ठरवता येत नाही. २०१४ साली डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च जवळजवळ कुठेच लक्षणीय वाढला नव्हता, काही ठिकाणी घटला होता. आळसाबद्दल अभिजीत बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजना तपासल्या. मदत घेणाऱ्यांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा त्यांना सापडला नाही.

जास्त मुलांमुळे गरिबी, या समजाबद्दल एवढंच सांगतो, की तिथेही दोन्ही दिशांनी वाहतूक आहे. बालमृत्यू कमी झाले, मुली शाळेत गेल्या, गर्भनिरोधक साधनं हाताशी आली की जन्मदर उतरतो. बांगलादेशात १९७० च्या दशकात एका स्त्रीला सरासरी सहाहून जास्त मुलं होत, आता दोनच्या आसपास होतात, आणि तो देश श्रीमंत होण्याची वाट न पाहता हे घडलं.

## ‘पण काही जण स्वतःच्या जोरावर वर येतातच ना?’

येतात, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. अडचण अशी, की आपल्याला गोष्ट ऐकू येते ती पोचलेल्याची. तितकेच कष्ट करून न पोचलेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही.

बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेच्या एका योजनेतून हे चांगलं समजतं. अतिगरीब बायांना जनावरं, मुख्यतः गाय, आणि प्रशिक्षण दिलं गेलं, आणि २००७ पासून अकरा वर्षं त्यांच्या घरांचा मागोवा घेतला गेला. देणगी सगळ्यांना साधारण सारखीच होती. पण ज्यांच्याकडे आधीपासून थोडंसं काही होतं त्या एका ठरावीक पातळीच्या वर गेल्या आणि पुढे स्वतःच चढत राहिल्या. ज्या या पातळीच्या किंचित खाली राहिल्या त्या हळूहळू पुन्हा जुन्या जागी घसरल्या. या दोन गटांतल्या बायांच्या कर्तबगारीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, सुरुवातीच्या मालमत्तेत थोडा फरक होता. गाय पाळायची तर गोठा लागतो, चाऱ्याला पैसे लागतात, वस्तू वाहून न्यायला साधन लागतं. यातलं काहीच नसेल तर एकटी गाय टिकत नाही. थोडी थोडी मदत वर्षानुवर्षं देत राहण्यापेक्षा एकदाच पुरेशी मोठी मदत देणं अनेकदा जास्त उपयोगी का पडतं, ते इथे कळतं.

माणसाच्या स्वतःच्या जबाबदारीला मग काही अर्थच उरत नाही का? उरतो. प्रयत्नांनी फरक पडतो, पण तेवढ्याच प्रयत्नांचं फळ सगळीकडे तेवढंच मिळत नाही. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये अंदाज काढला होता, की कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील. डेन्मार्कमध्ये दोन, कोलंबियात अकरा. डेन्मार्कमधली गरीब मुलं कोलंबियातल्या मुलांपेक्षा साडेपाच पट कष्टाळू आहेत असं कोणीही म्हणणार नाही.

आणि १९९० साली जगातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं टोकाच्या गरिबीत होती, आता दहातलं साधारण एक माणूस आहे. पस्तीस वर्षांत मनुष्यस्वभाव बदलला नाही. बदलली ती शेती, रोजगार, लसीकरण, शाळा, रस्ते आणि सरकारांची धोरणं.

## पडण्याची वाट वेगळी, चढण्याची वेगळी

शेवटी एक गोष्ट, जी बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही. ‘इतके टक्के गरिबी घटली’ हा आकडा म्हणजे वजाबाकीचं उत्तर असतं. अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थानातल्या ३५ गावांत पंचवीस वर्षांचा इतिहास घरागणिक गोळा केला, तेव्हा सुमारे ११ टक्के घरं गरिबीतून वर आली होती आणि त्याच काळात सुमारे ८ टक्के घरं नव्याने गरिबीत पडली होती. वरवरच्या आकड्यात फक्त ३ टक्क्यांची घट दिसली असती. वर येण्याची कारणं मुख्यतः जोडधंदा, नवं काम, सिंचन अशी होती. पडण्याची कारणं वेगळीच निघाली: आजारपण आणि त्यावरचा खर्च, त्यासाठी काढलेलं महाग कर्ज, मोठे सामाजिक खर्च. म्हणजे रोजगार वाढवणारी योजना कितीही चांगली असली तरी ती पडणाऱ्यांना थांबवत नाही, आणि परवडणारा दवाखाना कोणाची कमाई वाढवत नसला तरी तो कितीतरी घरांना पडू देत नाही.

आकड्यांची अडचण अशी, की वर आलेलं घर मोजता येतं आणि पडता पडता वाचलेलं घर कोणत्याच रकान्यात बसत नाही. दर काही वर्षांनी नवी घरं निवडून पाहणी केली तर हा फरक दिसणारच नाही. त्यासाठी त्याच घरांकडे वर्षानुवर्षं परत जावं लागतं, आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं. अशा पाहण्या खर्चिक असतात, आणि जिथे त्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्या देशांत त्या सर्वांत कमी होतात.